भात कापून झाला की

नेपाळला जाऊन आले म्हटलं की लोक आधी पशुपतिनाथाचं विचारतात, मग हिमालयाचं, मग थंडीचं. यांतलं मी काहीही पाहिलेलं नाही. ऑफिसात वाटलेला प्रसादाचा पेढासुद्धा परतताना दिल्लीत घेतलेला होता, हे आता सांगून टाकते. मी गेले होते अछाम नावाच्या जिल्ह्यात. नेपाळच्या पार पश्चिमेला, डोंगरात. तिथं पर्यटक जात नाहीत. तिथली माणसं मात्र आपल्या सोसायट्यांच्या फाटकांशी खुर्ची टाकून बसलेली असतात.

"एकटी? आणि तिकडे कशाला?" चाकणला आमच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी विचारायच्या. मी सांगायचे, "त्यांचा राजा गेला, त्यानंतर गावोगाव सरकार कसं उभं राहिलं ते बघायचंय. आमची कमला निवडून आलीय ना तिथं."

हे खोटं नव्हतं. पण मी कमलाला परत आणायला चालले होते, आणि ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. कमलालासुद्धा.

कमला म्हणजे आमच्या ताथवड्याच्या सोसायटीतल्या वॉचमनची बायको. पंपाच्या खोलीला लागून त्यांची खोली होती. माझी ऋचा दुपट्यात असताना ती आमच्याकडे कामाला आली आणि ऋचा बारावीच्या वाटेला लागेपर्यंत आमचं घर तिनं चालवलं. माझी बस सकाळी सातला फाट्यावर यायची; संध्याकाळी परत येईपर्यंत घरात काय घडतं हे मला कमला सांगेल तेवढंच कळायचं. तिला मराठी शिकवलं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. आत्याबाई इथल्याच, जुन्या ताथवड्याच्या. आमची इमारत उभी आहे तिथं त्यांची भातखाचरं होती. त्यामुळे कमला मराठी बोलायची ती थेट मावळातली: "न्हाई ताई, आजी जेवल्या न्हाईत अजून."

तिचे सासरे वारले म्हणून ती दोघं गावी गेली आणि मग आलीच नाहीत. पुढे आत्याबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. सांभाळायला बायका आल्या आणि गेल्या. कुणी दोन आठवडे टिकली, कुणी एकच शिफ्ट करून गेली. आत्याबाई कुणाच्या हातून घास घ्यायच्या नाहीत. तोंड भिंतीकडे फिरवून एकच म्हणायच्या, "कमळी कुठंय?"

हे म्हणाले, "फोन करून बोलाव की तिला." मी दोनतीनदा फोन केला. पलीकडून तिचा आवाज आला की हवापाण्याचं विचारून मीच ठेवून द्यायची. मला तरी फक्त आत्याबाईंसाठी ती हवी होती का? संध्याकाळी दार उघडल्यावर "आलात ताई?" असं म्हणणारं कुणी नाही, याची सवय मला इतक्या वर्षांत झाली नव्हती.

महाकाली ओलांडताना

दिल्लीहून बनबसा. तिथं महाकाली नदीवरचा बांध पायी ओलांडला की नेपाळ. दसरा जवळ आला होता. त्यांच्याकडे दसरा म्हणजे आपली दिवाळी आणि गणपती एकत्र केल्यासारखा सण. सगळा रस्ता घरी निघालेल्या माणसांनी भरला होता. कुणाच्या डोक्यावर घोंगड्यांचं गाठोडं, कुणाच्या पाठीवर मिक्सरचा खोका, एकाच्या खांद्यावर अख्खा टेबलफॅन. मी माझी चाकाची बॅग ओढत त्या गर्दीत होते. सगळे घरी काहीतरी घेऊन चालले होते. मी एका घरातून माणूस काढून आणायला निघाले होते. बांधाच्या मध्यावर हे मनात आलं, आणि मी खाली पाण्याकडे बघण्याचं टाळलं.

नेपाळची घड्याळं आपल्यापेक्षा पाव तास पुढे असतात. हे मला ठाऊक होतं, माझ्या मनगटावरच्या घड्याळाला नव्हतं. ऐटीत वेळेवर पोचले तेव्हा डोंगराकडची बस धूळ उडवून गेली होती. पुढची बस येईपर्यंत एका टपरीत बसले. मालकिणीनं भात वाढला, काळ्या उडदाची दाळ, मुळ्याचं लोणचं. ताट अर्धं होतं ना होतं तोच ती पातेलं घेऊन शेजारी उभी. मी नको म्हटलं तरी भात पडला. आपल्याकडे आग्रह असतो, पण तो तोंडानं. इथं हातानं होता.

गगनची जीप

सांफेबगर नावाच्या गावाहून पुढे जीप. चालक गगन चाळिशीचा. मी पुण्याकडची म्हटल्यावर त्यानं आरसा माझ्याकडे फिरवला.

"पुण्याकडची म्हणजे कुठली, मॅडम?" चक्क मराठीत.

"ताथवडे. नोकरी चाकणला."

"चाकण! आंबेठाण चौकात वडापावच्या गाडीवर होतो मी. तळेगाव चौकातलं ट्रॅफिक सुटलं का हो?"

"नाही."

"मग बरं केलं मी आलो." सगळी जीप हसली. त्यातल्या निम्म्यांना मराठी येत नव्हतं, निम्म्यांना चांगलंच येत होतं.

एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला ओला कडा, मध्ये जीपपुरता रस्ता. उतारांवर भाताच्या पायऱ्या, पिवळ्याकडे झुकलेल्या हिरव्या. मला आमच्या आत्याबाईंची खाचरं आठवली. ती मी पाहिलेली नाहीत. त्यांच्या बोलण्यातूनच माहीत आहेत. भीती विसरावी म्हणून मी गगनला राजाबद्दल विचारलं.

"राजा कधी दिसायचा नाही," तो म्हणाला. "भिंतीवर असायचा, बस. आता सरकार रोज दिसतं. माझ्याच गाडीत बसतं आणि भाड्यावरून भांडतं."

"राजा गेल्यावर लगेच झालं का हे?"

"छे! आधी घटना लिहायला माणसं निवडली. ती भांडत बसली. वर्षं गेली, घटना काही झाली नाही. मग पुन्हा माणसं निवडली. मग कुठं घटना आली, आणि मग निवडणूक आमच्या डोंगरापर्यंत चढून आली. वॉर्डाला आम्ही वडा म्हणतो. एका वड्यात पाच जण. एक अध्यक्ष, चार सदस्य. त्यात दोन बायका पाहिजेतच, आणि त्यातली एक दलित पाहिजेच. कायदाच आहे. तुम्हाला कुणाकडे जायचंय?"

मी कमलाचं नाव सांगितलं.

"हां, म्हणजे तीच की दलित सदस्य. लोहारांच्या वस्तीतली. आमच्याकडे लोहारांच्या हातचं पाणी चालत नाही."

पुढे तो काय बोलला ते मला आठवत नाही. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते मात्र लिहायचं ठरवलंय. मनात आलं ते गौरीचं पुरण. इतकी वर्षं आमच्या गौरी-गणपतीचं पुरण कमलानं वाटलं होतं, आत्याबाईंनी तिच्या हातचा नैवेद्य दाखवला होता. आणि पाठोपाठ आलं: घरी गेल्यावर हे आत्याबाईंना सांगायचं नाही. मी शिकलेली, नोकरी करणारी, मुलीला समतेवर भाषणं लिहून देणारी बाई. कडा संपला, वळण आलं, तरी ते मनातून गेलं नाही.

कमलाच्या गावात

जीपच्या थांब्यावर ती उभी होती. केस पांढरे झालेले, अंगावर लाल स्वेटर. वाकायला लागली तशी मी तिचे दंड धरले. दोघींनाही पुढे काय करायचं ते सुचेना.

"लई वाळलात, ताई," ती म्हणाली. मग माझी बॅग डोक्यावर घेऊन ती चालू लागली. मी नको नको म्हणत मागून, आणि पहिल्याच बांधावरून पाय घसरून थेट भाताच्या चिखलात. वर बांधावर कमला पोट धरून हसत होती. तिला असं हसताना मी आमच्या घरात पाहिल्याचं आठवत नाही.

घरी स्वयंपाक तिचा नवरा करत होता. आमच्या सोसायटीत त्याला सगळे बहादूर म्हणायचे. त्याचं नाव हर्के आहे, हे मला तिथं कळलं.

"सरकारला मिटिंग असते," तो चुलीपाशी बसून म्हणाला. "मग भात कोण शिजवणार? जनता!"

त्यानं भात केला होता, आणि अंगाला लागला तर आग उठवणाऱ्या पाल्याची भाजी. शिजल्यावर ती आपल्या अंबाडीच्या जवळ जाते, जरा गुळगुळीत. मी जमिनीवर बसून जेवले. पहिला घास उचलताना मला जीपमधलं पुरण पुन्हा आठवलं. घास मी खाल्ला. पण आठवलं.

जेवताना मी म्हटलं, "कमला, तू तुमच्या जातीचं कधी बोलली नाहीस."

"तुमी कुठं इचारलं? नेपाळी म्हटलं की तुमचं भागायचं." तिनं माझ्या ताटात आणखी भात टाकला. रागानं नाही. पातेल्यात होता म्हणून.

मग तिनं सासूची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे मत देताना कागदावर स्वस्तिकाचा शिक्का मारायचा असतो. राजा गेल्यानंतरची पहिली निवडणूक. सासू घरी परतली ती प्रसन्न चेहऱ्यानं. कुणाला दिलंस विचारलं, तर म्हणाली, "सगळ्यांना." झाड होतं, सूर्य होता, आणखी काय काय चित्रं होती. स्वस्तिक हातात असताना एकाच देवाला द्यायचं आणि बाकीच्यांना उपाशी ठेवायचं? तिनं एकूण एक चित्राची पूजा करून टाकली होती. मत अर्थातच बाद. मला आमच्या कंपनीतली खंडेनवमी आठवली. तिथंही एकदा कुंकवाची वाटी हातात आली की मुलं प्रेस मशीनपासून पाण्याच्या कूलरपर्यंत कुणाला सोडत नाहीत.

"मी उभी राहिले तवा शिकवलं त्यांना," कमला म्हणाली. "रोज पाटीवर. एका रांगेत एकच. तरी शिक्का मारून आल्यावर रडल्या. म्हनाल्या, बाकीचे देव काय म्हनतील!"

मिटिंग

दुसऱ्या दिवशी वडा कार्यालयात बैठक होती. पत्र्याच्या छपराची एक लांब खोली. कमला घरातून निघाली ती डोक्यावर एक खुर्ची घेऊन.

तपकिरी प्लॅस्टिकची खुर्ची. मागच्या उजव्या पायाला तडा गेलेला, त्यावर तार गुंडाळलेली. तार मीच गुंडाळली होती. आमच्या गॅलरीतली खुर्ची ती, गावी जाताना "ही नेऊ का?" म्हणून कमलानं मागितली होती आणि बसच्या टपावर बांधून नेली होती.

चढावर हर्केनं मला सांगितलं. ती निवडून आली तेव्हा कार्यालयात चारच खुर्च्या होत्या. पाचवी येईल असं कुणी म्हणेना, आणि जमिनीवर बस असंही कुणी तोंडानं म्हणेना. पहिली बैठक तिनं उभ्यानं केली. दुसऱ्या बैठकीला घरून खुर्ची घेऊन गेली. बैठक संपली की परत घरी आणायची, कारण मागे ठेवली तर सापडेल याची खात्री नव्हती. आता कार्यालयात खुर्च्या पुरेशा आहेत. तरी ती हीच नेते.

आमच्या घरी ती कधी खुर्चीवर बसली नाही. चहा आम्ही दोघी एकत्र घ्यायचो, ती दाराच्या चौकटीला टेकून खाली. मी तिला वर बस म्हणत नसे असं नाही, असं मी आधी लिहिलं होतं. ते खोडलं. मी म्हणत नसे.

त्या दिवशी मी खाली बसले, गावातल्या बायकांबरोबर, आणि ती वर.

वाद नळाचा होता. झऱ्याचं पाणी पाइपातून आणायचं. पण टाकी कुठं? वरच्या वस्तीत, की खाली शाळेच्या चौकात, जिथं लोहारवस्तीलाही भरता येईल? वरच्या वस्तीतला एक सदस्य, जुन्या मुखियाचा पुतण्या, जाकीट घालून आला होता. राजाच्या काळात गावाचा निवाडा त्याच्या घरच्या ओसरीवर व्हायचा. बोलणं नेपाळीत चाललेलं. हर्के माझ्या कानाशी मराठी करत होता.

पुतण्या म्हणाला, "पुण्याला भांडी घासून आली, आता आम्हाला पाणी शिकवते."

माझीच मान खाली गेली. भांडी माझीच होती.

कमला म्हणाली, "घासली की. म्हणूनच पाणी किती लागतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही कधी घासलीत?"

माझ्या शेजारची म्हातारी आधी हसली, मग सगळ्याच. अध्यक्षही मिशीत हसला. पण हसण्यानं काही ठरलं नाही. दोन मतं इकडे, दोन तिकडे. अध्यक्ष कागद चाळत म्हणाला, पुढच्या बैठकीत बघू. चहा आला, पहिला पेला सवयीनं पुतण्यापुढे गेला. बैठक संपली असं दोनदा सांगून झालं. पण जमिनीवर बसलेल्या बायका उठल्याच नाहीत. भांडल्या नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. स्वेटर विणायला घेतले. कमलाही आपल्या खुर्चीवर बसून राहिली. अध्यक्ष दारापर्यंत गेला, बाहेर ऊन पाहिलं, परत आला आणि म्हणाला, "बरं, चौकात." मग सह्या झाल्या.

मी चाकणच्या मैत्रिणींना सांगून आले होते की सरकार कसं उभं राहतं ते बघायचंय. मी पाहिलं ते एवढंच.

उतरताना हर्के म्हणाला, "खणायला भात कापल्यावर सुरुवात. तेव्हा ही इथं पाहिजे. नाहीतर टाकी रात्रीत चालत वर जाईल."



टेकडीवर

निघायच्या दिवशी सकाळी कमला मला गावामागच्या टेकडीवर घेऊन गेली. मोबाइलला नीट रेंज तिथंच मिळते. खाली सगळं खोरं भातानं भरलेलं, त्यावर पातळ धुकं. ती दगडावर बसली. मला शेजारी जागा केली.

"आता सांगा, ताई. कशाला आलात?"

"भेटायला."

"भेटून झालं की. दोन दिस झालं, बोलायला तोंड उघडताय नि मिटताय."

मग मी सांगितलं. आत्याबाईंचं, घास न घेण्याचं, "कमळी कुठंय" चं. आणि रिकाम्या दाराचंही सांगितलं. पगाराचं, वरच्या मजल्यावरच्या स्वतंत्र खोलीचं मी पाठ करून आले होते. तेही बोलून टाकलं. बोलताना माझा मलाच आवाज ऑफिसातल्यासारखा वाटला, भाव ठरवताना असतो तसा.



"आजी उजव्या हातानं काईच धरत न्हाईत?"

"नाही."

"वरण पातळ करून चमच्यानं डाव्या गालाकडनं द्यायचं. उजवीकडनं दिलं की सांडतं, मग त्यांना लाज वाटती. म्हणून तोंड फिरवत असतील." तिनं डोळे पुसले. "ताई, राजा असता तर आले असते मी. तवा हितं माझ्यावाचून कुनाचं अडत नव्हतं."



तिनंच मला घरी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि लागताच फोन आपल्या हातात घेतला. यांनी फोन आत्याबाईंपुढे धरला. चित्र अडखळत होतं. उशी दिसली, मग पांढरे केस, मग एक डोळा.

"आजी! वळखलं का?"

पलीकडे नुसता श्वास. मग आत्याबाईंचा अर्धा चेहरा, जो हलतो तो, हलला. "कमळे... कवा येतीस?"

कमलानं माझ्याकडे पाहिलं नाही. खाली खोऱ्याकडे पाहत म्हणाली, "येते की आजी. भात कापून झाला की येते."

फोन बंद झाल्यावर तिनं तो पदराला पुसून माझ्या हातात दिला.

"म्हाताऱ्या मानसाला खोटं बोलले. पाप लागलं तर अर्धं तुमचं."

"सगळंच माझं," मी म्हणाले.

थांब्यावर गगन हॉर्न वाजवत होता. बॅग या वेळी मी तिला उचलू दिली नाही. तिनं दोनदा हात पुढे केला, मग मागे घेतला.

ताथवडे

घरी आले त्या संध्याकाळी आत्याबाईंना वरण पातळ करून चमच्यानं डाव्या गालाकडून दिलं. त्यांनी घेतलं. अर्धी वाटी संपली. मग विचारलं, "कापला का भात?"

"अजून हिरवा आहे, आत्याबाई."

रोज हेच चालू झालं. मी बसमधून उतरून घरी यायची, हातपाय धुवायची, वाटी घेऊन बसायची. "कापला का?" "पिवळा पडतोय." "कापला का?" "पाऊस झाला म्हणे, ओला आहे." कमलाचा अधूनमधून फोन येतो. तिचा भात कधीच कापून, झोडपून घरात आला. चौकात खणायला सुरुवात झाली, पाइपचे ढीग येऊन पडलेत, मुखियाचा पुतण्या रोज येऊन खड्ड्याची खोली मोजतो आणि ती काठावर खुर्ची टाकून बसते. हे मी आत्याबाईंना सांगत नाही. लोहारवस्तीचंही अजून सांगितलेलं नाही. सांगेन असं रोज वाटतं.

दिवाळी झाली. तुळशीची लग्नं लागली. परवा संध्याकाळी त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवलं होतं. समोरच्या टॉवरचे दिवे लागत होते. त्या जागी त्यांचं मोठं खाचर होतं, असं त्या पूर्वी सांगायच्या.

"कापला का भात?"

"अजून जरा..."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. हयातभर भात लावलेली, कापलेली, झोडपलेली बाई. तुळशीचं लग्न लागून गेल्यावर कुठल्या डोंगरात भात उभा राहतो, हे त्यांना मी काय सांगणार होते? वाटी माझ्या हातात तशीच राहिली.

आत्याबाई पुन्हा खिडकीकडे वळल्या. जीभ जुळवायला त्यांना वेळ लागला.

"मंग आता... गहू पेरायचा आसंल तिला," त्या म्हणाल्या. "गव्हाला टाइम लागतो. घाई न्हाई म्हनावं."

आणि त्यांनी डावा गाल माझ्याकडे केला.